फोटोच्या धंद्याचा खरा हिशेब : रोलपासून कार्डापर्यंत

मालाडच्या मार्वे जेट्टीवरून फेरीबोटीत बसले की काही मिनिटांत खाडीपलीकडे मनोरी येते. बोटीत कोळणींच्या पाट्या असतात, मोटारसायकली असतात आणि सुट्टीच्या दिवशी पाठीवर काळी बॅग अडकवलेले दोन-चार फोटोग्राफरही असतात. मालवणी, जोगेश्वरी अशा भागांतून येणारी आपली तरुण मुलेही त्यांत असतात. निकाह, वलीमा, नवविवाहित जोडप्याचे किनाऱ्यावरचे फोटो अशी कामे ती घेतात. दर ठरवताना गिऱ्हाईक एकच गोष्ट ऐकवते : "आता रोल थोडाच लागतो? तुमचा खर्च काय?" आणि पुष्कळदा फोटोग्राफरही मनातल्या मनात हे मान्य करून दर पाडतो.

या व्यवसायाचे सर्वांत मोठे नुकसान याच एका गैरसमजाने केले आहे. रोल गेला, पण खर्च गेला नाही. पूर्वी तो डोळ्यांसमोर होता, आता नजरेआड झाला आहे. जो खर्च दिसत नाही तो वहीत चढत नाही, आणि जो वहीत चढत नाही तो नफा खाऊन टाकतो.

रोल म्हणजे काय, कार्ड म्हणजे काय?

फोटोग्राफीचे मूळ आपल्याच एका विद्वानाच्या अभ्यासात सापडते. बसरा येथे ९६५ च्या सुमारास जन्मलेल्या इब्न-अल-हैसम यांनी अंधाऱ्या जागेत बारीक छिद्रातून येणाऱ्या प्रकाशाचा आणि ग्रहण लागलेल्या सूर्याच्या त्यातून पडणाऱ्या प्रतिमेचा अभ्यास केला. 'किताब-अल-मनाजिर' हा त्यांचा प्रकाशविज्ञानावरील ग्रंथ पुढे लॅटिनमध्ये गेला व युरोपात शतकानुशतके अभ्यासला गेला. आजचा कॅमेरा ही तीच अंधारी खोली आहे. लॅटिन भाषेत कॅमेरा या शब्दाचा अर्थच खोली असा आहे.

या खोलीच्या मागच्या भिंतीवर पूर्वी फिल्म असे. फिल्मवर जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. प्रकाश पडलेल्या कणांचे डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत रूपांतर होते आणि न वापरलेले कण फिक्सर विरघळवून टाकतो. म्हणूनच मोठ्या लॅबमध्ये वापरलेल्या फिक्सरमधून चांदी परत काढली जात असे. तोही एक पोटधंदा होता.

डिजिटल कॅमेऱ्यात फिल्मच्या जागी सेन्सर आला. त्यावरील प्रत्येक बारीक घर आपल्यावर किती प्रकाश पडला ते मोजते आणि तो आकडा कार्डावर लिहिला जातो. असा पहिला कॅमेरा १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतच स्टीव्ह सॅसन या अभियंत्याने बनविला. त्यात फक्त दहा हजार घरे होती आणि एक कृष्णधवल चित्र कॅसेटवर उतरवायला २३ सेकंद लागत. आज साध्या व्यावसायिक कॅमेऱ्यात दोन-सव्वादोन कोटी घरे सहज असतात. मात्र ज्या कंपनीत हा शोध लागला, तिने रोलच्या नफ्याकडेच पाहत वेळ घालवला आणि जानेवारी २०१२ मध्ये तिला अमेरिकेतील दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. आपल्याकडे उटी येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा 'इंदू' फिल्म बनविणारा सरकारी कारखानाही काळाच्या ओघात बंद पडला.

आता हिशेब मांडू

रोलच्या काळात लग्नाला समजा दहा रोल लागत. एका रोलवर ३६ याप्रमाणे ३६० फोटो झाले. प्रत्येक क्लिकला पैसे पडत, म्हणून फोटोग्राफर विचार करून बटण दाबी. आज त्याच लग्नात तीन हजार फोटो सहज निघतात. ते फुकट पडतात काय?

पहिला खर्च कॅमेऱ्याच्या झिजेचा. साधारण व्यावसायिक कॅमेऱ्याच्या यांत्रिक शटरचे आयुष्य लाख-दीड लाख क्लिक धरले जाते. समजा कॅमेरा साठ हजारांचा आहे आणि एक लाख क्लिकनंतर तो मोठे काम काढणार आहे. म्हणजे एका क्लिकला साठ पैसे झीज. तीन हजार क्लिकचे अठराशे रुपये झाले, आणि अशी तेहतीस लग्ने झाली की लाखाचा आकडा आला. शटर बदलता येते हे खरे, पण ते तरी फुकट कोण बदलून देतो?

दुसरा खर्च वेळेचा. तीन हजार फोटो, प्रत्येकी दहा सेकंद नुसते पाहायचे म्हटले तरी आठ तास वीस मिनिटे लागतात. निवड, रंग दुरुस्ती आणि अल्बमची मांडणी त्यानंतर. शिंपी कापडावर कात्री चालवण्याची मजुरी घेतो, शिलाईची घेतो. फोटोग्राफर मात्र रात्री जागून केलेले काम मोजतच नाही.

तिसरा खर्च साठवणुकीचा. चांगल्या प्रतीची एक मूळ फाइल ३० एमबी धरली तर एका लग्नाचे ९० जीबी झाले. वर्षाला वीस लग्ने केली तर १,८०० जीबी, आणि ही फक्त एक प्रत. दोन प्रती ठेवल्या तर याच्या दुप्पट डिस्क दरवर्षी लागणार.

हे तिन्ही खर्च वेगळे लिहून मग दर सांगावा. गिऱ्हाइकाला वही दाखवण्याची गरज नाही. पण दर कुठपर्यंत उतरवायचा आणि कुठे सलाम करून उठायचे, हे आपल्याला माहीत असले पाहिजे.

पासपोर्ट साइजचा आधार सुटला

रोलच्या काळात स्टुडिओचे भाडे लग्नावर नव्हे, पासपोर्ट साइज फोटोवर निघे. शाळेचा दाखला, परवाना, हजचा अर्ज, प्रत्येक कामाला फोटो लागे. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात देशातील पहिले आधार ओळखपत्र दिले गेले. या योजनेत नोंदणीच्या जागीच यंत्रासमोर बसवून फोटो घेतला जातो. पासपोर्ट सेवा केंद्रातही तसेच होते. त्यात प्रत्येकाच्या हाती मोबाइल आला आणि छोट्या स्टुडिओचे रोजचे रोख उत्पन्न आटले. ते काम पूर्वीसारखे परत येईल अशी आशा धरू नये. आता पैसे मिळतील ते मोबाइलला जमत नाही त्या कामाचे आणि विश्वासाचे.

फोटो ही अमानत आहे

रोलच्या काळात निगेटिव्ह ही हातात धरता येणारी वस्तू होती. ती गिऱ्हाइकाला दिली की व्यवहार संपला. आता फोटो कार्डात असतो, कॉम्प्युटरमध्ये असतो, मदतनिसाच्या पेन ड्राइव्हमध्ये आणि अल्बम छापणाऱ्याकडेही असतो. एका घरातील लेकी-सुनांचे चेहरे इतक्या ठिकाणी पोहोचतात आणि त्या घराला याची कल्पनाही नसते.

कायदाही येथे स्पष्ट आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, मोबदला देऊन सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा गिऱ्हाईकच असतो. म्हणजे लग्नातील फोटो आपल्या जाहिरातीसाठी लावायचा तर गिऱ्हाइकाची लेखी परवानगी घेतलीच पाहिजे. "मी काढला, म्हणून माझा" हे म्हणणे चालणार नाही.

नुबुव्वतीपूर्वीही मक्केचे लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांना 'अल-अमीन' म्हणत आणि आपल्या मौल्यवान वस्तू त्यांच्याकडे विश्वासाने ठेवत. ते स्वतः व्यापारी होते. दुसऱ्याच्या घरचे फोटो आपल्या डिस्कमध्ये असणे हीही अमानतच आहे. ज्या घरांत महिलांच्या दालनात पुरुष फोटोग्राफर चालत नाही, तेथे प्रशिक्षित महिला फोटोग्राफरना काम आहे. पण निवड आणि छपाईही महिलांच्याच हातून होईल असे सांगता आले, तरच त्या सेवेला पूर्ण अर्थ आहे.

खारी हवा आणि पावसाचे पाणी

मनोरीच्या किनाऱ्यावरचा संध्याकाळचा प्रकाश फुकट मिळतो, पण तेथील हवा आपले पैसे वसूल करते. खाऱ्या वाऱ्यातील मीठ कॅमेऱ्याच्या जोडांत आणि बटणांत बसते, ओल धरते आणि धातू गंजवते. वाळूत किंवा बोटीवर लेन्स बदलू नये. घरी आल्यावर किंचित ओल्या स्वच्छ फडक्याने कॅमेऱ्याची बाहेरची बाजू पुसून कोरडी करावी.

दुसरा शत्रू बुरशी. पावसाळ्यात बंद कपाटात ठेवलेल्या लेन्सच्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसतात. ती एकदा खोल गेली की काचेवरचा लेप खाते आणि साफ करूनही डाग राहतो. फिल्मवरचे जिलेटिन तर तिचे अन्नच आहे, म्हणून जुन्या निगेटिव्हही तिच्या तावडीतून सुटत नाहीत. उपाय महाग नाही. झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि ओल मोजणारे छोटे यंत्र ठेवावे. ओल ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राहिली पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते गरम करून पुन्हा वापरता येते. चामड्याच्या पाकिटात लेन्स ठेवू नये, चामडे ओल धरून ठेवते.

२६ जुलै २००५ मुंबईकर विसरू शकत नाही. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि तळमजल्यावरची दुकाने व घरे पाण्यात गेली. पाणी निगेटिव्ह आणि हार्ड डिस्क असा भेद करीत नाही. म्हणून प्रत्येक कामाच्या तीन प्रती असाव्यात. त्या किमान दोन प्रकारच्या साधनांवर ठेवाव्यात आणि एक प्रत दुकानापासून दूर, वेगळ्या जागी असावी. हार्ड डिस्क एक ना एक दिवस बंद पडणारच, हे धरूनच चालावे.

फिल्म पुन्हा दारात

गंमत अशी की, ज्या फिल्मला सर्वांनी निरोप दिला होता ती हळूहळू परत येत आहे. कोडॅकची एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये पुन्हा बाजारात आली. पेंटॅक्सने २०२४ मध्ये नवा फिल्म कॅमेरा काढला. शौकीन तरुण जुने यांत्रिक कॅमेरे शोधत असतात. हा मोठा बाजार नव्हे. रंगीत रोल, धुलाई आणि स्कॅन मिळून खर्च हजार रुपयांच्या पुढे जातो, म्हणजे एका क्लिकला सुमारे तीस रुपये. त्या भरवशावर लग्नाची कामे घेणे शहाणपणाचे नाही.

मात्र कारागिरांसाठी येथे संधी आहे. निकॉन एफएम-२ किंवा पेंटॅक्स के-१००० यांसारख्या कॅमेऱ्यांचे शटर बॅटरीविना चालते आणि घड्याळाप्रमाणे खोलून दुरुस्त करता येते. फोर्टमधील बोरा बाजारासारख्या जुन्या कॅमेरा बाजारात हे काम जाणणारे हात आता थोडे उरले आहेत. घड्याळदुरुस्तीचे काम येणाऱ्या तरुणाने अशा उस्तादाजवळ बसून हे शिकून घ्यावे. जुना कॅमेरा विकत घेणाऱ्याने लेन्स प्रकाशासमोर धरून बुरशी पाहावी, मागचे झाकण उघडून प्रकाश अडवणारा फोम चिकट झाला आहे का ते तपासावे, आणि एक सेकंदाच्या वेगावर शटर चालवून ते अडखळते का ते ऐकावे.

शेवटी एकच विनंती. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे. आपण लग्नाचे काम मात्र तोंडी घेतो आणि मग फोटो किती, अल्बम कधी, बाकी रक्कम केव्हा यावरून नात्यात वितुष्ट येते. यापुढे एक साधी चिठ्ठी करावी. तिच्यात तारीख, दर, आगाऊ रक्कम, फोटोंची संख्या, फाइली किती महिने सांभाळणार आणि त्यानंतर काय करणार हे लिहावे. फोटो इतर कोठेही वापरणार नाही, ही ओळ तिच्यात जरूर असावी. दोघांच्या सह्या घ्याव्यात. रोल असो वा कार्ड, हिशेब साफ आणि अमानत सुरक्षित असेल तर या धंद्यात आजही इन्शाअल्लाह बरकत आहे.