छत्तीस दिव्यांचा संगणक

संगणक विकत आणावा, खोक्यातून बाहेर काढावा, विजेला जोडावा आणि काम सुरू करावे, ही गोष्ट आज कोणालाही नवलाची वाटत नाही. परंतु सामान्य माणसाच्या घरात संगणक प्रथम आला, तो असा आला नाही. तो सुट्या भागांच्या पुडक्यांतून आला. घेणाऱ्याने तो स्वतः जोडायचा, स्वतःच तपासायचा आणि चालला नाही तर दोषही स्वतःच शोधून काढायचा, अशी त्याची रीत होती. ही दगदग ज्यांनी आनंदाने अंगावर घेतली, ते बहुतेक केवळ हौशी लोक होते.

१९६५ साली अमेरिकेत निघालेला पीडीपी-८ नावाचा संगणक त्या काळी स्वस्त समजला जाई. त्याची किंमत सुमारे १८,००० डॉलर होती. अशी यंत्रे विद्यापीठे, बँका आणि मोठे कारखाने यांनीच घ्यावीत. ज्याला केवळ कुतूहल आहे, अशा माणसाला संगणकाला हात लावण्याची संधीही क्वचितच मिळे. मग १९७५ च्या जानेवारीत ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या मासिकाच्या मुखपृष्ठावर एका निळसर पेटीचे चित्र झळकले. तिचे नाव ‘अल्टेअर ८८००’. सुट्या भागांच्या रूपात तिची किंमत होती अवघी ३९७ डॉलर. (चित्रातील पेटी मात्र आतून रिकामी होती. खरे यंत्र मासिकाकडे पाठविले असता वाटेतच हरवले होते!)

न्यू मेक्सिको राज्यातील आल्बुकर्की या शहरी ‘मिट्स’ नावाची एक लहानशी कंपनी होती. एड रॉबर्ट्स हा तिचा चालक. ही कंपनी पूर्वी हिशेबाची छोटी यंत्रे विकत असे. पुढे त्या यंत्रांचे भाव कोसळले आणि कंपनी कर्जात बुडाली. तेव्हा रॉबर्ट्सने उरलीसुरली पत संगणकावर लावली. ‘इंटेल ८०८०’ ही चिप संगणकाचा मेंदू होय. ती एकेकटी घेणाऱ्यास ३६० डॉलरना पडे. रॉबर्ट्सने ती मोठ्या संख्येने विकत घेण्याचे कबूल करून ७५ डॉलरना मिळविली. ३९७ डॉलरना संपूर्ण संगणक देणे त्याला परवडले, ते यामुळेच. काहीशे यंत्रे खपली तरी पुष्कळ झाले, असा त्याचा अंदाज होता. प्रत्यक्षात मागण्या हजारांनी आल्या आणि त्या पुरविता पुरविता कंपनीच्या नाकी नऊ आले. लोकांनी पैसे भरले आणि महिनोन्महिने वाट पाहिली.

अशा उत्सुक ग्राहकांपैकी एक होता स्टीव्ह डॉम्पिअर. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे तो घरबांधणीची कंत्राटे घेत असे. मासिकातील लेख वाचताच त्याने मागणी नोंदविली. एवढ्यावर त्याचे समाधान झाले नाही. आपले यंत्र खरोखर तयार होत आहे की नाही, हे डोळ्यांनी पाहण्यासाठी तो आल्बुकर्कीला जाऊन धडकला. तेथे त्याला मोठा कारखाना दिसला नाही, कामात गढून गेलेली थोडी माणसे दिसली. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच याच्या मोटारखान्यात सुमारे तीस हौशी मंडळी जमली आणि त्यांनी ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ हे मंडळ सुरू केले. त्या पहिल्या बैठकीत डॉम्पिअरने आपल्या प्रवासाची हकिकत सांगितली, तेव्हा सारे कान देऊन ऐकत होते.

अखेर एके दिवशी सकाळी दहा वाजता त्याच्या दारी पुडके आले. त्यात होते काय? एक धातूची पेटी, काही सर्किट बोर्ड आणि चिप, लहान लहान दिवे, कळा, तारा व स्क्रू. सर्किट बोर्ड म्हणजे एक सपाट फलक. त्यावर तांब्याच्या बारीक रेघा उमटविलेल्या असतात आणि त्याच विजेच्या वाटा होत. प्रत्येक भागाचे पाय फलकाच्या छिद्रांत घालायचे आणि तापलेल्या उपकरणाने डाख देऊन पक्के करायचे. असे शेकडो सांधे. डाख कमी पडला तर वीज अडते, अधिक पडला तर तो शेजारच्या रेघेवर ओघळून दोन वाटा एक होतात. चिपला फार वेळ उष्णता लागली तर ती जळून जाते. येथे घाई करून चालत नाही. डॉम्पिअरने काम सुरू केले आणि तीस तासांनी त्याचे यंत्र चालू झाले.

चालू झाले म्हणजे काय, हेही समजून घेतले पाहिजे. या संगणकाला पडदा नव्हता आणि अक्षरांच्या कळांचा फलकही नव्हता. पेटीच्या दर्शनी भागावर २५ कळा आणि ३६ तांबडे दिवे, एवढाच त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध. संगणकाला शून्य आणि एक हे दोनच अंक समजतात. कळ वर केली की एक, खाली केली की शून्य. या द्विमान पद्धतीत उजवीकडून डावीकडे स्थानांच्या किमती १, २, ४, ८, १६ अशा दुपटीने वाढत जातात. म्हणून ५ ही संख्या लिहायची, तर उजवीकडची पहिली आणि तिसरी कळ वर करायची, बाकीच्या खाली ठेवायच्या. कारण ४ आणि १ मिळून ५ होतात. आठ कळांनी मिळून जी एक संख्या होते, तिला बाइट म्हणतात. अशा आठ कळा लावून आणखी एक कळ दाबली, की ती संख्या स्मृतीच्या एका घरात जाऊन बसे. अल्टेअरच्या मूळ स्मृतीत अशी २५६ घरे होती. एका घरात एक इंग्रजी अक्षर धरले, तर पानावरच्या चार-पाच ओळींतच ही स्मृती भरून जाई.

डॉम्पिअरचे यंत्र चालू झाले खरे. पण स्मृतीत काहीतरी बिघाड होता. घातलेली संख्या परत मिळावी तशी मिळेना. जी स्मृती आपले बोलणे विसरते किंवा भलतेच सांगते, तिच्यावर विसंबून केलेले सारे गणित फुकट जाते. दोष शोधणे भागच होते.

स्मृतीची परीक्षा घेण्याच्या काही युक्त्या आहेत आणि त्या मोठ्या मनोरंजक आहेत. सर्वांत सोपी युक्ती म्हणजे प्रत्येक घरात आठही एक घालून वाचून पाहायचे, मग आठही शून्ये घालून वाचायचे. एखादा दिवा सदैव पेटलेला किंवा सदैव विझलेला राहिला, तर त्या अंकाची वाट बिघडली आहे हे कळते. पण एवढ्याने भागत नाही. समजा, डाखाच्या ओघळाने शेजारशेजारच्या दोन वाटा एकमेकींना चिकटल्या आहेत. दोन्ही ठिकाणी एक घातला तर उत्तर बरोबरच येते. दोन्ही ठिकाणी शून्य घातले तरीही बरोबरच येते. चोर आणि शिपाई एकाच वेशात असले की चोर ओळखू येत नाही, त्यातलाच हा प्रकार. म्हणून एक आणि शून्य आळीपाळीने घालतात. १०१०१०१० म्हणजे आपली १७० ही संख्या. नंतर त्याच्या उलट ०१०१०१०१, म्हणजे ८५. आता चिकटलेल्या वाटांना एकाच वेळी एक आणि शून्य दाखविणे जमत नाही, आणि त्या पकडल्या जातात.

तिसरा दोष याहून फसवा असतो. स्मृतीच्या प्रत्येक घराला क्रमांक असतो आणि तो क्रमांकही शून्य-एकांतच तारांवरून जातो. त्यांपैकी एखादी तार तुटली तर काय होईल? घरक्रमांकातला एक अंक पुसला गेला, तर पोस्टमन दोन घरांची पत्रे एकाच दारात टाकील! चारची किंमत असलेली तार तुटली, तर शून्य क्रमांकाचे घर आणि चार क्रमांकाचे घर यंत्राला एकच वाटते. सर्व घरांत सारखीच संख्या घालून हा दोष उघडकीस येत नाही. त्यासाठी प्रत्येक घरात त्याचाच क्रमांक लिहितात: शून्यात ०, एकात १, दोनात २. पुढे पुन्हा आरंभापासून वाचताना शून्याच्या घरात ४ दिसले, की कोणती तार तुटली हे आकड्यावरूनच समजते. हे सारे हातांनी करायचे, हे विसरता कामा नये. २५६ घरे आणि प्रत्येक घरासाठी आठ कळा, म्हणजे एका फेरीत दोन हजारांहून अधिक वेळा कळांकडे पाहावे लागते. मध्येच मन भरकटले, तर चूक यंत्राची की आपली, हेच समजेनासे होते.

डॉम्पिअरला दोष सापडण्यास आणखी सहा तास लागले. स्मृतीच्या बोर्डावर एक ओरखडा होता. जेथे नसावा नेमका तेथे तो होता आणि विजेची वाट त्याने बिघडविली होती. त्याच्या तीस तासांच्या कामात चूक नव्हती, तो ओरखडा बोर्डाबरोबरच आला होता. मात्र हे ठाऊक होईपर्यंत आपले सर्व सांधे संशयित मानूनच पाहणे भाग असते.

यंत्र दुरुस्त झाले. आता त्याचे करायचे काय? टंकलेखन करणारे टेलिटाइप यंत्र जोडले, तर संगणकाशी अक्षरांनी बोलता येई. परंतु टेलिटाइपची किंमत संगणकाहून कितीतरी अधिक होती. ४०९६ घरांचा स्मृतीचा बोर्ड वेगळा विकत मिळे. पण त्याचा अनुभव अनेकांना वाईट आला. त्या बोर्डातील स्मृती गळक्या घागरीसारखी होती. तिच्यातील विद्युत्भार क्षणार्धात झिरपून जाई. म्हणून सेकंदात शेकडो वेळा तो पुन्हा भरावा लागे आणि हे भरण्याचे काम नीट साधत नसे. होमब्रू मंडळातील बॉब मार्श याने आपला मित्र गॅरी इंग्रॅम याच्यासह १९७५ सालीच ‘प्रोसेसर टेक्नॉलॉजी’ ही कंपनी काढली आणि अशा भरण्याची गरज नसलेला बोर्ड विकण्यास आरंभ केला.

डॉम्पिअरपाशी टेलिटाइप नव्हते. जवळच्या टेबलावर एक रेडिओ मात्र होता. संख्या लहानमोठ्या क्रमाने लावण्याची एक आज्ञावली तो यंत्रात घालून पाहत होता. यंत्र कामाला लागताच रेडिओतून ‘झिप्‌ झिप्‌’ असा आवाज येऊ लागला! आज्ञावली थांबविली की आवाज बंद, चालू केली की पुन्हा सुरू. कारण उघड होते. संगणकाच्या तारांतील वीज सेकंदाला लक्षावधी वेळा सुरू-बंद होत असते. त्या हालचालीतून क्षीण विद्युत्‌लहरी बाहेर पडतात आणि जवळचा रेडिओ त्या पकडतो. दुसऱ्या कोणी त्रासून रेडिओ बंद केला असता. डॉम्पिअरने वेगवेगळ्या आज्ञा घालून कोणत्या आज्ञेने कोणता आवाज निघतो, ते टिपून ठेवण्यास सुरुवात केली.

सूर उंच की खालचा, हे सेकंदात किती कंपने होतात त्यावर ठरते. ४४० कंपनांचा सूर काढायचा असेल, तर यंत्राने एकच क्रिया सेकंदात ४४० वेळा केली पाहिजे. अल्टेअरचे घड्याळ सेकंदाला वीस लाख ठोके देत असे. वीस लाखांना ४४० ने भागले की सुमारे ४,५४५ येतात. एवढ्या ठोक्यांत एक फेरा पुरा होईल अशी आज्ञावली लिहिली, की तो सूर लागतो. फेरा लांबविला तर सूर उतरतो, आखूड केला तर चढतो. अशा रीतीने डॉम्पिअरने एकेका सुरासाठी संख्या शोधली आणि सुरांची मालिका बांधली.

त्याच एप्रिल महिन्यात होमब्रू मंडळाची बैठक मेन्लो पार्कमधील एका शाळेत भरली. डॉम्पिअर आपला अल्टेअर आणि रेडिओ घेऊन तेथे गेला. जमिनीवर बसून त्याने कळा वर-खाली करीत आज्ञावली घालण्यास सुरुवात केली. काम संपत आले, तोच विजेची दोरी कोणाच्या तरी पायात अडकून उपटली गेली! वीज जाताच यंत्राची सारी स्मृती पुसली गेली. त्याने पुन्हा पहिल्या कळेपासून आरंभ केला. संख्यांमागून संख्या घालून झाल्या, रेडिओ पेटीवर ठेवला गेला आणि त्यातून बीटल्स या प्रसिद्ध गायकसंघाच्या ‘द फूल ऑन द हिल’ या गाण्याची चाल घरघरत्या आवाजात ऐकू येऊ लागली. जमलेले लोक थक्क झाले. ते टाळ्या वाजवीत असतानाच अल्टेअरने आपण होऊन दुसरे गाणे सुरू केले. ते होते ‘डेझी’. १९६१ साली बेल प्रयोगशाळेतील एका अवाढव्य संगणकाने हेच गाणे गाऊन दाखविले होते. पुढे डॉम्पिअरची ती आज्ञावली छापूनही आली. ज्याच्यापाशी अल्टेअर आणि रेडिओ असेल त्याने कागदावरील संख्या पाहून कळा लावाव्यात आणि आपल्या घरी ते गाणे ऐकावे.