सणाची सुट्टी आणि उघडे दुकान

सण आणि बाजार यांचे हाडवैर आहे असे मानणे आपल्या परंपरेला धरून होणार नाही. दसऱ्याला सोने घ्यावे, पाडव्याला एखादी नवी वस्तू घरात आणावी, हा रिवाज घरोघरी आहे. लक्ष्मीपूजन हा तर व्यापाऱ्यांचा विशेष सण. त्या संध्याकाळी पेढीवर दिवे लागतात, नव्या वह्यांची पूजा होते आणि आल्यागेल्याच्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवले जातात. जत्रा म्हटली की देवळापुढे दुकाने आलीच. तेव्हा सणाच्या दिवशी दुकान उघडे असावे की नसावे, हा प्रश्न धर्म विरुद्ध व्यापार असा मांडला तर त्याचे उत्तर हाती लागणार नाही.

तो निराळ्या रीतीने विचारला पाहिजे. दुकान उघडे असते तेव्हा दुकानात कोण उभे असते? पेठेतल्या जुन्या दुकानात गादीवर मालक बसलेला असे आणि त्याचे बिऱ्हाड बहुधा वरच्या माडीवर असे. आरतीची वेळ झाली की तो मुलाला गादीवर बसवून वर जाई. सण आणि धंदा यांच्यामध्ये एका जिन्याचे अंतर होते. आज मोठ्या दुकानात उभा असलेला माणूस पगारी नोकर असतो आणि त्याचे घर आगगाडीने किंवा बसने तासाभराच्या अंतरावर असते. भ्रमणध्वनीवरून मागवलेले सामान दारात आणून देणारा तरुण तर सणाच्या दिवशी दहा घरांची तोरणे पाहतो. स्वतःच्या घराचे तेवढे राहून जाते. आपली सुट्टी सुखाची व्हावी म्हणून कोणाची तरी सुट्टी खर्ची पडते, हा या प्रश्नाचा गाभा आहे.

सुट्टी ही आपोआप मिळालेली गोष्ट नाही, याचा आपल्याला विसर पडतो. गेल्याच्या मागच्या शतकात सरकारी कचेऱ्या रविवारी बंद असत, परंतु मुंबईच्या गिरण्यांतील कामगाराला आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, सभा भरवल्या, अर्ज केले. अखेर १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. त्यामुळे कोकणातून आणि देशावरून आलेल्या कामकऱ्याला ही सुट्टी परकी वाटण्याचे कारण नव्हते. दुकानांतील नोकरांना मात्र पुढे बराच काळ थांबावे लागले. मुंबई प्रांताच्या १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने प्रत्येक दुकानाने आठवड्यातून एक दिवस बंद राहावे असे ठरवले.

महाराष्ट्रात या कायद्याची जागा २०१७ च्या नव्या कायद्याने घेतली. ठराविक संख्येपेक्षा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना तो लागू झाला. त्याने दुकानाला वर्षाचे ३६५ दिवस उघडे राहण्याची मुभा दिली आणि प्रत्येक कामगाराला आठवड्यातून सलग चोवीस तासांची विश्रांती मिळालीच पाहिजे, असे बंधनही घातले. म्हणजे दुकानाची सुट्टी गेली, माणसाची सुट्टी राहिली. वरवर पाहता कोणाचेच काही बिघडले नाही. गिऱ्हाइकाची सोय झाली, व्यापाऱ्याची विक्री वाढली, नोकराचा विसावाही कायम राहिला.

परंतु विसावा आणि सण या दोन भिन्न वस्तू आहेत. विसावा एकट्याने घेता येतो. सण एकट्याने होत नाही. नवऱ्याची सुट्टी मंगळवारी, बायकोची गुरुवारी आणि मुलांची रविवारी असली, तर त्या घरात आठवड्याला तीन सुट्ट्या असतात आणि एकही सुट्टी नसते.

ही केवळ कल्पना नव्हे. सोव्हिएत रशियाने १९२९ साली हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. यंत्रे एक दिवसही थांबू नयेत म्हणून तेथे पाच दिवसांचा आठवडा सुरू झाला. कामगारांचे पाच गट पाडले, प्रत्येक गटाला एकेक रंग दिला आणि ज्याच्या त्याच्या रंगाप्रमाणे पाचव्या दिवशी रजा मिळू लागली. विश्रांतीचे दिवस पूर्वीपेक्षा वाढले; पण पतिपत्नींचे रंग निराळे निघाले, मित्रांची भेट होईना आणि कुरबूर सुरू झाली. १९३१ साली सर्वांना एकाच दिवशी सुट्टी देणारा सहा दिवसांचा आठवडा आणावा लागला आणि १९४० मध्ये रविवारसह जुना सात दिवसांचा आठवडा परत आला.

इतर देशांनी यावर आपापले तोडगे काढले आहेत. जर्मनीच्या राज्यघटनेत रविवार आणि मान्य सण यांना संरक्षण आहे. त्याच आधारावर तेथील घटनात्मक न्यायालयाने डिसेंबर २००९ मध्ये, नाताळापूर्वीचे चारही रविवार ओळीने दुकाने उघडी ठेवण्याची बर्लिनमधील मुभा घटनाविरोधी ठरवली. इंग्लंडमध्ये २००४ च्या कायद्याने २८० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना नाताळच्या दिवशी बंदी आहे. छोटा दुकानदार मात्र आपल्या मर्जीने दुकान उघडू शकतो. स्वतःच्या दुकानात बसणारा आणि दुसऱ्याच्या हुकमाने उभा राहणारा यांतला फरक या कायद्याने ओळखला, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या देशाला हे तोडगे जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. येथे अनेक धर्म, अनेक पंचांगे आणि अनेक नववर्षे आहेत. केंद्र सरकारच्या कार्यालयांत म्हणूनच काही सुट्ट्या सर्वांना सारख्या आणि काही वैकल्पिक असतात. वैकल्पिक यादीतून प्रत्येकाने वर्षाला दोन दिवस निवडावयाचे. दिल्लीच्या कचेरीतील मराठी माणूस गुढीपाडवा या यादीतूनच घेतो आणि त्याच्या शेजारच्या टेबलावरचे काम त्या दिवशी चालू राहते. यात कोणावर अन्याय होत नाही. आज त्याने आपले काम पाहिले, उद्या त्याच्या सणाला आपण त्याचे काम पाहावे, हा साधा शेजारधर्म आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या कायद्यातही हे तत्त्व आहे. सणांच्या आठ पगारी सुट्ट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे चार दिवस ठरलेले. उरलेले चार मालक आणि कामगार यांनी विचारविनिमयाने ठरवावयाचे. या चार दिवसांची निवड वर्षारंभी मनापासून झाली, तर पुष्कळ घरांतील पाटावरची रिकामी जागा भरून निघेल.

रुग्णालय, रेल्वे, वीजघर, अग्निशामक दल यांना सुट्टी नसते आणि नसावी. त्या घरांनी सण पुढेमागे करावयाची युक्ती केव्हाच शोधलेली आहे आणि परंपरेनेही त्यांना साथ दिली आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. चैत्रगौरीचे अक्षय्य तृतीयेपर्यंत. सर्वांना एकाच दिवशी सवड होणार नाही, हे आपल्या आज्या-पणज्या जाणून होत्या. पण प्रत्येक सण असा लांबवता येत नाही. नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान पहाटेचेच आणि गणपतीची प्रतिष्ठापना चतुर्थीचीच. जे सण लवचिक आहेत ते कामाच्या सोयीने करावेत; जे नाहीत त्यांना कामाने वाट द्यावी.

यात गिऱ्हाईक म्हणून आपला वाटा लहान नाही. औषध संपले तर सणाच्या दिवशीही दुकान गाठले पाहिजे. परंतु श्रीखंडाचा चक्का, रांगोळीचे रंग किंवा मुलाचा सदरा आदल्या दिवशी आणता येतो. दुकान उघडे राहते ते गिऱ्हाईक येते म्हणून. कायदा माणसाला दिवसभराची सवड देऊ शकतो. ती सवड साऱ्या घराला एकाच दिवशी मिळावी, हे मात्र आपल्या रीतीवर अवलंबून आहे. सणाच्या यादीत फुले, फळे, उदबत्ती यांच्याबरोबर आणखी एक ओळ घालण्यासारखी आहे: सर्व खरेदी आदल्या संध्याकाळी पुरी करावी.