नकारामागचं गणित

ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठात तास सुरू होण्याआधीच निवडीची एक मोठी धामधूम उडते. दोन हजारांहून अधिक मुली उन्हात रांगा लावून एका घरातून दुसऱ्या घरात जातात. प्रत्येक घरात थोडा वेळ गप्पा, की लगेच पुढचं घर. ही घरं सोरोरिटींची. सोरोरिटी म्हणजे ग्रीक अक्षरांच्या नावाची विद्यार्थिनींची संघटना. एकत्र राहायचं, जेवायचं, समाजकार्यासाठी निधी उभा करायचा आणि पदवीनंतरही एकमेकींना बहीण मानायचं. निवडीच्या या दिवसांना ‘रश’ म्हणतात. २०२१ साली टिकटॉकमुळे अलाबामाचा रश जगभर पाहिला गेला.

बहुतेक कॅम्पसवर या घरांची एक उतरंड तोंडोतोंडी ठरलेली असते. वरचं घर, मधलं घर, खालचं घर. ती कुठल्याही नियमावलीत नाही, तरी अठरा वर्षांच्या मुली तिच्या धाकात वावरतात. ही उतरंड तयार कशी होते, हे पाहू लागलं की थक्क व्हायला होतं, आणि तिचा धाकही ओसरतो.

सुरुवातीलाच एक गंमत दिसते. ज्यांना कॉलेजात काहीच प्रतिष्ठा नव्हती, अशा मुलींनी या संघटना उभ्या केल्या. इंडियाना ॲसबरी कॉलेजने १८६७ साली मुलींना प्रवेश दिला, पण अनेक मुलग्यांना त्या तिथे नकोच होत्या. बेटी लॉक ही तिथल्या पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक. मुलग्यांच्या एका संघटनेने तिला आपला बिल्ला मिरवायला देऊ केला, पण सभासदत्व नाही. तिने नकार दिला, आणि २७ जानेवारी १८७० रोजी तीन मैत्रिणींसह ‘कॅप्पा अल्फा थीटा’ स्थापन केली. पुढे १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी ‘अल्फा कॅप्पा अल्फा’ सुरू केली. कमला हॅरिस हॉवर्डमध्ये शिकताना तिच्याच सदस्य झाल्या. एकटीने सोसायचं ते चौघींनी मिळून पेलावं, ही यामागची मूळ गरज होती.

मग उतरंड आली कुठून? बरीचशी गणितातून. २६ सोरोरिटींची शिखर संस्था, ‘नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स’, १९०२ सालची. तिच्या पद्धतीनुसार रशमध्ये प्रत्येक घराला एक कोटा मिळतो: मुलींची संख्या घरांमध्ये साधारण सारखी वाटली जाते. एखाद्या घरापाशी कितीही गर्दी लोटली, तरी त्याच्या जागा वाढत नाहीत. म्हणून गर्दीच्या घराला नावं गाळावीच लागतात. किती गाळायची, हेही आधीच्या वर्षांच्या आकड्यांवरून ठरतं. ज्या घराने बोलावलं की जवळजवळ सगळ्याच मुली परत येतात, त्याला सुरुवातीच्या फेऱ्यांतच जास्त नावं सोडावी लागतात. ज्याच्याकडे कमी जणी परततात, ते जास्त जणींना बोलावू शकतं. मुलींनी खोट्या आशेवर ताटकळू नये, हा त्यामागचा हेतू.

म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी यादीतून नावाजलेलं घर गळालं की मुलीला वाटतं, ‘मीच कमी पडले.’ पण किती जणींना सोडायचं हा आकडा बराचसा ती त्या दारात पोचण्याआधीच ठरलेला असतो. आपल्याकडे अकरावीला एखाद्या कॉलेजचा कटऑफ चढतो तो पसंती देणारे वाढले म्हणून, तिथलं शिकवणं त्या वर्षी सुधारलं म्हणून नव्हे. तसंच हे. गर्दी दिसते म्हणून गर्दी वाढते, आणि तिलाच प्रतिष्ठा म्हणतात.

या गणिताने अर्थशास्त्रज्ञांनाही भुरळ घातली. सुझन माँगेल आणि ॲल्विन रॉथ यांनी १९९१ साली सोरोरिटींच्या निवडीवर शोधनिबंध लिहिला. मुलगी घरांचा पसंतीक्रम देते, घरं मुलींचा देतात आणि दोन्ही याद्या जुळवल्या जातात, ही पद्धत १९२८ पासूनची. त्यांना दिसलं, की अनेक मुली एकच नाव लिहून बाकीच्या जागा कोऱ्या ठेवत. याच रॉथ यांनी पुढे अमेरिकेतल्या नव्या डॉक्टरांना रुग्णालयं जुळवून देणारी पद्धत नव्याने बांधली, आणि २०१२ साली त्यांना लॉइड शॅप्ली यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निवडीची जुळणी दोन्ही बाजूंनी होते, हा त्या साऱ्या अभ्यासाचा पाया. घर मुलीला निवडतं, तशी मुलगीही घराला निवडत असते. रांगेत उभं राहिलं की नेमकं हेच विसरायला होतं.

उतरंडीची किंमत कधी फार मोठी असते. २०१३ साली अलाबामाच्या विद्यार्थी-वृत्तपत्राने उघड केलं, की गोऱ्या मुलींच्या सोरोरिटींनी एका हुशार कृष्णवर्णीय मुलीला डावललं होतं. तिला घ्यायला काही विद्यार्थिनी तयार होत्या, पण माजी सदस्य आडव्या आल्या. जुनी प्रतिष्ठा जपायची म्हणजे पुष्कळदा जुनी कुंपणं जपायची. त्यानंतर देशभर गदारोळ झाला आणि दारं थोडी उघडली.

आणि रशची रांग हा एकच रस्ता नाही. १९९८ साली टेक्सासमध्ये दक्षिण आशियाई मुलींनी स्वतःच्या सोरोरिटी काढल्या: ऑस्टिनला ‘कॅप्पा फाय गॅमा’, ह्यूस्टनला ‘डेल्टा फाय ओमेगा’. अमेरिकेत वाढलेल्या मराठी मुलींसाठी तेही दार आहे.

निवडायचं कसं, ते या गणितातूनच कळतं. शेवटच्या फेरीनंतर मुलगी पसंतीक्रमावर जी सही करते, ती बंधनकारक असते. यादीतल्या घराचं आमंत्रण आलं आणि नाकारलं, तर पुढच्या वर्षीच्या रशपर्यंत त्या कॅम्पसवरच्या शिखर संस्थेतल्या दुसऱ्या सोरोरिटीत जाता येत नाही. म्हणून केवळ नावासाठी एकही नाव लिहू नये. वर्षाचा खर्च किती, घरात राहणं सक्तीचं आहे का, हे सरळ विचारावं. तिसऱ्या वर्षाच्या मुली अजून घरी जेवायला येतात का, ते पाहावं. आपण बोलताना समोरची ऐकते आहे की खांद्यावरून पुढची मुलगी शोधते आहे, तेही कळतं. परीक्षा बिघडलेल्या संध्याकाळी ज्या घरी जावंसं वाटेल, त्याचं नाव पहिल्या ओळीत लिहावं, मग लोक त्याला कितवंही म्हणोत.