टायर कशाने मरतो

चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीत टायरच्या दुकानात गिऱ्हाइकाचे प्रश्न दोनच असतात. आधी भाव, मग "किती चालते जी हा?" या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर दुकानदाराकडे किलोमीटरमध्ये तयार असतं: हलका माल तीस हजार, नावाजलेल्या कंपनीचा चाळीस-पंचेचाळीस, परदेशी नावाचा पन्नास. गिऱ्हाईक मनातल्या मनात भागाकार करतं आणि पाकीट काढतं. भागाकार बरोबरच असतो, पण त्याच्या मुळाशी एक समजूत असते, की टायर झिजूनच संपणार. घरगुती गाडीचा टायर या भागात झिजेपर्यंत जगतो कुठे? कडेला कापला जाऊन, खड्ड्यात आपटून किंवा उन्हाने वाळून तो त्याआधीच जातो. त्यामुळे 'जास्त टिकतो' म्हणून महाग टायर घेणं इथे बरेचदा आतबट्ट्याचं ठरतं. जास्त पैसे मोजायला एक चांगलं कारण आहे, पण ते ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर काय होतं याच्याशी बांधलेलं आहे, आणि त्याविषयी काउंटरवर कोणी चकार शब्द काढत नाही.

स्वस्त टायर म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहू. परदेशात स्वस्त म्हणजे बहुधा चिनी बनावटीचा, कधी न ऐकलेल्या नावाचा टायर. आपल्याकडे ती वाट जवळपास बंद झाली आहे. केंद्र सरकारने जून 2020 मध्ये नव्या टायरांची आयात परवान्याखाली आणली. कारच्या टायरवर आयएसआयची खूण, म्हणजे आयएस 15633 हे मानक, त्याआधीपासून सक्तीचं आहे. जून 2022 च्या अधिसूचनेने त्यात आणखी तीन कसोट्या घातल्या: ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळताना होणारा विरोध आणि आवाज. त्या आधी नव्या आरेखनाच्या टायरांना लागू झाल्या आणि 2023 पासून जुन्या आरेखनांनाही. तेव्हा आज सिंदेवाहीत मिळणारा नवा स्वस्त टायर म्हणजे एमआरएफ, अपोलो, सिएट, जेके यांच्या खालच्या श्रेणीतला माल, नाहीतर एखाद्या लहान देशी कंपनीचा. सप्टेंबर 2025 मध्ये टायरवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, त्याने सगळेच भाव थोडे उतरले. असा नवा टायर घेणारा माणूस जिवावर उदार झालेला असतो, असं मानायला आधार नाही. किमान कसोटी त्याने पार केलेली असते. फक्त किमान म्हणजे उत्तम नव्हे, आणि हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता हिशेब. समजा एक टायर साडेतीन हजारांचा आहे आणि तीस हजार किलोमीटर चालतो, दुसरा साडेपाच हजारांचा आणि पन्नास हजार चालतो. पहिल्याला किलोमीटरमागे पावणेबारा पैसे पडतात, दुसऱ्याला अकरा. महाग टायर जिंकला म्हणायचा, पण पाऊण पैशाने, आणि तोही पन्नास हजार पुरे झाले तर. शाळेत किंवा पंचायत समितीत नोकरी करणाऱ्याची, दुकानदाराची गाडी वर्षाला सहा हजार किलोमीटर धावते असं धरू. तीस हजार गाठायला तिला पाच वर्षं लागतात, पन्नास हजार गाठायला आठाहून जास्त. आणि या आठ वर्षांत गाडी कुठून कुठून जाते ते बघा. नवरगाव, गुंजेवाहीकडच्या अरुंद रस्त्यांवर समोरून ट्रॅक्टर आला की कोणाला तरी डांबर सोडावं लागतं. पावसाळ्यात बाजूपट्टीची माती वाहून गेलेली असते, डांबराची कड वीतभर उंच आणि धारदार उभी राहते. खाली उतरलेली गाडी परत वर चढताना चाकाचं तोंड वळलेलं असतं आणि सगळा भार टायरच्या कडेवर येतो. टायरच्या तळाला पोलादी तारांचे पट्टे असतात, कडेला नसतात. तिथे रबराच्या आत पॉलिस्टरच्या दोऱ्यांचा थर असतो, बहुतेक कारच्या टायरांत एकच. खड्ड्याच्या काठावर चाक आपटलं की रिम आणि दगड यांच्यामध्ये ही कड चिमटली जाते, बाहेरचं रबर शाबूत राहतं आणि आतल्या दोऱ्या तुटतात. मग आठ-पंधरा दिवसांनी त्या जागी लिंबाएवढा फुगा दिसतो. हवा टिकून असते, गाडी नीट चालते, म्हणून लोक तो चालवत राहतात. पण तिथे हवेला आता फक्त रबर अडवून धरतंय. त्याला पंक्चर काढता येत नाही, ठिगळ चालत नाही, टायर बदलावाच लागतो. आणि कड कापली गेली की साडेतीन हजारांचा टायर जेवढा मेला तेवढाच साडेपाच हजारांचाही मेला. उलट काही महाग परदेशी टायरांची कड आरामासाठी मऊ ठेवलेली असते. इथले पंक्चरवाले त्यावर नाक मुरडतात, ते अगदीच निराधार नाही.

याला कोणी म्हणेल, कंपनीची वॉरंटी असते की. असते, पण बनावटीतल्या दोषाची. रस्त्याने केलेला काप किंवा आपटून आलेला फुगा तिच्यात सहसा बसत नाही. काही कंपन्या ठरावीक मुदतीपुरती तीही भरपाई देतात, पण त्यासाठी अधिकृत विक्रेत्याकडे जायचं म्हणजे मूलमार्गे चंद्रपूर, सत्तरेक किलोमीटर. आणि तोच टायर त्याच नक्षीचा तिथे हजर नसला तर एका आसावर एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला भलताच, अशी गाडी पळवायची. गावात सहज मिळणारं नाव घेण्यात म्हणूनच शहाणपण आहे, ते स्वस्त असो की महाग.

खड्ड्यांतून वाचलेल्या टायरला ऊन गाठतं. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी ही राज्यातल्या सर्वांत तापणाऱ्या गावांपैकी. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जाणं इथे बातमी राहिलेली नाही, आणि डांबर तर हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतं. उष्णता आणि ऑक्सिजन मिळून रबर कडक करतात, कडेवर केसासारख्या बारीक भेगा पडतात. बहुतेक कंपन्या सांगतात की पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांच्या पुढे वापरू नका. हे सल्ले थंड देशांनाही धरून दिलेले असतात. अंगणात उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीने दहाची वाट पाहू नये. आठ वर्षं चालणाऱ्या नक्षीचे पैसे देऊन सहाव्या वर्षी टायर टाकावा लागला, तर त्यातल्या दोन वर्षांचे पैसे पाण्यात गेले. इथेच एक फुकटची तपासणी आहे. टायरच्या कडेवर, कधी आतल्या बाजूला, लंबवर्तुळात चार आकडे असतात. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. लहान गावात महाग टायराचा खप कमी, म्हणून तो दुकानात जास्त पडून राहतो. दोन वर्षं जुना महाग आणि दोन महिन्यांचा मध्यम, यातून निवडायचं तर भावाआधी हा आकडा वाचावा.

भाड्याने चालणाऱ्या गाडीचं गणित अर्थातच उलटं आहे. वर्षाला चाळीस हजार किलोमीटर करणाऱ्याचा टायर म्हातारा व्हायच्या आत झिजतो, त्याला पन्नास हजारांचा टायर खरोखर पन्नास हजार देऊ शकतो. त्याने टिकाऊपणाचे पैसे मोजावेत.

बाकीच्यांनी कशाचे मोजावेत, ते जुलैत कळतं. रोवणीच्या दिवसांत बांधीतून चिखलणी करून निघालेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात, काही तर लोखंडी केजव्हीलसकट. डांबर खरवडतं आणि वर चिखलाचा पातळ थर बसतो. त्यावर पावसाची एक सर आली की सिंदेवाही ते राजोली, राजोली ते मूल हा रस्ता साबण लावल्यासारखा होतो. त्यात दोन्ही बाजूंना जंगल. चितळ, नीलगाय, रानडुक्कर, गावातली गुरं, यांतलं काहीही कुठल्याही क्षणी समोर येतं. इथे टायरचं काम गाडी थांबवणं, आणि महाग-स्वस्तातला खरा फरक इथेच आहे. रबर कडक ठेवलं की झीज कमी होते, पण ओल्यावर पकड सुटते. मऊ ठेवलं की पकड येते, पण लवकर झिजतं. ही ओढाताण सोडवायला काजळीऐवजी सिलिका वापरायची युक्ती मिशेलिनने 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आणली. सिलिका रबरात सहजी मिसळत नाही, त्यासाठी वेगळं रसायन आणि जास्त घोटणं लागतं, म्हणून खर्च वाढतो. चांगल्या महाग टायरात आपले जास्तीचे पैसे मुख्यतः या मिश्रणात गेलेले असतात. याउलट 'लय चालते' म्हणून विकला जाणारा टायर कडक रबराचा असू शकतो, म्हणजे टिकाऊपणाच्या नादात नेमकी पकड गमावलेली असते.

फरक किती, याचा अंदाज युरोपच्या लेबलवरून येतो. तिथे 2012 पासून प्रत्येक टायरवर ओल्या पकडीचा वर्ग छापावा लागतो, आणि ताशी 80 किलोमीटरवरून थांबताना एका वर्गामागे साधारण 3 ते 6 मीटरचा फरक धरतात. सहा मीटर ऐकायला किरकोळ वाटतात. पण एक गाडी 40 मीटरवर थांबली आणि दुसरीला 46 लागणार असतील, तर पहिली जिथे उभी राहिली तिथून दुसरी अजून ताशी 29 किलोमीटरने जात असते. त्या वेगाने नीलगाईला धडकणं आणि तिच्या हातभर आधी थांबणं, यातल्या फरकाची किंमत टायरच्या बिलात दिसत नाही. भारतात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचं तारांकित लेबल आहे, पण ते ऐच्छिक आहे आणि त्याचा भर इंधनावर आहे. त्यामुळे ओल्या पकडीसाठी आपल्याला त्याच आरेखनाच्या परदेशी चाचण्यांवर, नाहीतर कंपनीच्या लौकिकावर विसंबावं लागतं. महाग नावावर विश्वास ठेवायला हे एक रास्त कारण आहे.

"आम्ही पन्नासच्या वर जातच नाही," हे यावरचं नेहमीचं उत्तर. ते पूर्ण खोटं नाही. वेग निम्मा केला की ब्रेक लागल्यानंतरचं थांबायचं अंतर चौथाईवर येतं, आणि पावसात हळू जाणारा स्वस्त टायरवाला बेफाम महाग टायरवाल्यापेक्षा सुरक्षित असतो. जो गावातल्या गावात आणि दिवसाउजेडी फिरतो, त्याने चांगल्या कंपनीचा खालच्या श्रेणीतला ताजा टायर बिनधास्त घ्यावा. पण तीच गाडी वर्षातून चारदा नागपूरला आणि तिथून समृद्धी महामार्गाने पुण्याला जाते, तेव्हा पन्नासची शिस्त राहत नाही. 2023 मध्ये परिवहन विभागाला समृद्धीच्या प्रवेशावरच टायर तपासायची वेळ आली, ती उगाच नव्हे.

इंधनाचा मुद्दाही महाग टायरच्या बाजूने आहे, आणि तो लोक समजतात त्याहून वजनदार आहे. सहा हजार किलोमीटरला, लिटरमागे अठराच्या हिशेबाने, पेट्रोलचे वर्षाला पस्तीसेक हजार होतात. सहज घरंगळणाऱ्या टायरने त्यात तीन टक्के वाचले तर पाच वर्षांत सव्वापाच हजार, म्हणजे चार टायरांमधल्या आठ हजारांच्या फरकातला मोठा वाटा परत. पण हवा कमी असेल तर हे तीन टक्के सहज उडतात. दाराच्या खांबावरचा तक्ता न वाचता सगळ्यांनाच 'बत्तीस मार' सांगायची आपल्याकडे चाल आहे. नायट्रोजनवर पैसे घालवण्याआधी साध्या हवेचा आकडा बरोबर ठेवावा. तिच्यातही 78 टक्के नायट्रोजनच आहे.

खरा धोक्याचा माल महाग आणि स्वस्त या दोन्ही रांगांच्या बाहेर असतो. मोठ्या शहरांतून येणारा 'कंपनीचा, थोडाच वापरलेला' टायर अर्ध्या भावात मिळतो आणि वर नाव पहिल्या रांगेतलं असतं. त्यातले काही गुळगुळीत झाल्यावर तापवलेल्या पात्याने पुन्हा नक्षी कोरून, काळा रंग फासून आलेले असतात. बोटाने चाचपून पाहावं. नव्या टायरवर साच्यातून आलेले रबराचे बारीक केस असतात, नक्षीच्या तळाशी झीज दाखवणाऱ्या 1.6 मिलिमीटर उंचीच्या आडव्या पट्ट्या असतात. कोरलेल्या टायरच्या चरांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या तीक्ष्ण, तळाला पट्टी नाही, आणि चराखाली पोलादी तारांवर जेमतेम कागदाएवढं रबर उरलेलं. नव्या टायरला सात-आठ मिलिमीटर खोलीची नक्षी असते, तीच पाणी बाहेर फेकते. म्हणून दोन मिलिमीटर उरलेल्या परदेशी टायरपेक्षा नवा देशी स्वस्त टायर पावसात केव्हाही बरा.

भाराचं गणितही नावापेक्षा आकड्यात असतं. 165/80 आर 14 85 टी असं लिहिलेलं असेल तर 85 म्हणजे एका टायरला 515 किलो. शेतावरून परतताना पाच माणसं आणि डिक्कीत धानाची दोन पोती घेणाऱ्याने भारासाठी म्हणून एक रुपया जास्त देऊ नये, पण हा आकडा कमी असलेला टायर फुकटही घेऊ नये. आणि चारांऐवजी दोनच बदलायचे असतील तर ते मागे टाकावेत. दुकानात हे सांगितलं की वाद होतो, कारण इंजिन पुढे, स्टिअरिंग पुढे, मग नवे टायर मागे कशाला? पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, ब्रेक सोडून ती बहुधा सावरता येते. ओल्या वळणावर मागचे घसरले की गाडी स्वतःभोवती फिरते, आणि ते सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. मागचे बरे टायर पुढे घेऊन नवे मागे लावायला दुकानदाराला मेहनत थोडीच जास्त पडते, तेव्हा गिऱ्हाइकाने हट्ट धरून उभं राहायला हरकत नाही.