उद्यानाला वळसा

स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय उद्यान एकच आहे, आणि त्यात सायकल नेता येत नाही. १ ऑगस्ट १९१४ रोजी, युरोपात महायुद्ध पेटत होतं त्याच आठवड्यात, देशाच्या पूर्व टोकाला एंगाडिन खोऱ्यात ते सुरू झालं. क्षेत्र सुमारे १७० चौरस किलोमीटर, आणि नियम कडक. पायवाट सोडायची नाही, फूल तोडायचं नाही, कुत्रा साखळीला बांधलेला असला तरी आणायचा नाही. मग सायकलवाल्यांनी काय करावं? त्यांनी उद्यानाला वळसा घालावा. हा सुमारे १४० किलोमीटरचा वळसा दोन देशांतून जातो आणि चार उंच खिंडी ओलांडतो. खडीवरच्या सायकलिंगसाठी आल्प्समध्ये याहून चांगली प्रदक्षिणा शोधायला बरेच कष्ट पडतील.

ग्रॅव्हल सायकल म्हणजे शर्यतीच्या सायकलची दणकट बहीण. हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर चाळीस-पंचेचाळीस मिलिमीटर रुंद, बहुधा ट्यूबशिवायचे, हवा जरा कमीच भरलेली, आणि चढावर पाय फिरत राहावेत असे हलके गिअर. डांबरावर ती बऱ्यापैकी पळते आणि खडीवर दात खिळखिळे करत नाही. या प्रकाराची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा २०२२ मध्ये इटलीच्या व्हेनेतो प्रांतात झाली, म्हणजे खेळ नवाच. रस्ते मात्र नवे नाहीत. आल्प्समधला कच्चा रस्ता सहलीसाठी क्वचितच बांधला गेला. कुठे खनिज वाहायचं होतं, कुठे गुरं चढवायची होती, कुठे धरणाचं सिमेंट न्यायचं होतं. या वाटेवर सायकल चालवायची तर प्रत्येक वळणावर विचारावं, हा रस्ता कोणाच्या कामासाठी झाला? उत्तर बहुधा आसपासच सापडतं.

सुरुवात श्क्वोलपासून. ऱ्हेशियन रेल्वेची लाल गाडी इथे संपते आणि तिच्यात सायकल चढवता येते. इथून तेरा किलोमीटरचा चढ क्लेमज्या नदीच्या घळीतून श्चार्ल या वाडीपर्यंत जातो. उंची १,८१० मीटर, हिवाळ्यात जवळजवळ निर्मनुष्य. एके काळी इथे शिसं आणि चांदीच्या खाणी होत्या, आणि भट्ट्यांना लागणाऱ्या लाकडासाठी आसपासचे डोंगर बोडके झाले. स्वित्झर्लंडमधलं शेवटचं अस्वलही याच खोऱ्यात १९०४ मध्ये मारलं गेलं. त्यानंतर कित्येक दशकांनी, २००५ मध्ये, या देशात पुन्हा अस्वल दिसलं, तेही जवळच्याच ओफेन खिंडीच्या परिसरात. ते इटलीकडून चालत आलं होतं.

श्चार्लच्या वर तामांगुरचं जंगल लागतं. सेम्ब्रा पाइनचं, युरोपातल्या सर्वांत उंचावरच्या जंगलांपैकी एक. या झाडाच्या बिया एक ठिपकेदार पक्षी हिवाळ्यासाठी जमिनीत पुरून ठेवतो. ज्या खायच्या राहतात त्यांतून नवी झाडं उगवतात, तेव्हा वनखात्याचं अर्धं काम त्याच्याच माथी आहे म्हणायला हरकत नाही. इथे रस्ता अरुंद होतो, खडी मोठी होते आणि गुरं दिसू लागतात. कुरणाचं फाटक उघडलं तर मागे लावायचं, हा अलिखित कायदा. वासराजवळची गाय दिसली की सायकलवरून उतरून लांबून, गुपचूप जायचं. गायीला गरीब म्हणायची आपली सवय इथे कामाची नाही.

कोस्तायनास खिंड २,२५१ मीटरवर आहे. ती ओलांडली की पाण्याचा देशच बदलतो. मागे राहिलेले ओहोळ इन नदीतून डॅन्यूबला मिळून काळ्या समुद्राला जातात, पुढचे आदिजे नदीतून एड्रियाटिकला. हा खेळ वाटेत पुन्हा पुन्हा होतो. नकाशात पाणलोटाची रेघ पाहून ठेवली तर चढाचा त्रास थोडा सुसह्य होतो, निदान डोक्याला काम मिळतं.

उतार वाल म्युश्तायरमध्ये नेतो. इथल्या संत योहानाच्या मठात नवव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत आणि १९८३ पासून तो जागतिक वारसा आहे. घाई असली तरी तासभर काढावा. लोक रोमान्श बोलतात. १९३८ च्या सार्वमतानं या भाषेला स्विस राष्ट्रभाषेचा दर्जा मिळाला. जवळच्या उंब्राइल खिंडीवर खडीचा शेवटचा तुकडा उरला होता, तोही २०१५ मध्ये डांबराखाली गेला. मोटारवाले खूश झाले असतील.

याच खोऱ्यातल्या सांता मारिया गावापासून द्योस रादोंद खिंडीचा चढ मात्र अजून खडीचाच आहे, आणि तो घाम काढतो. सुमारे साडेआठशे मीटर उंची चढायची, काही ठिकाणी इतका उभा की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पण माथ्यावरून वाल मोरा उघडते, आणि साऱ्या वाटेतला सर्वांत सुंदर भाग हाच, असं माझं मत. रुंद, हिरवं, वळणावळणानं उतरणारं खोरं, आणि त्यात मोटार नाही. खालच्या टोकाला मात्र दरडीवरून जाणारी जेमतेम पायवाट उरते. तिथे ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी सायकल ढकलावी, त्यात कमीपणा काही नाही.

सरहद्द ओलांडून इटलीत आलं की सान जाकोमो आणि कांकानो ही जुळी सरोवरं येतात. निळी, शांत, छायाचित्रात अगदी निसर्गाची देणगी वाटतात. प्रत्यक्षात ती मिलान शहराच्या वीज कंपनीची धरणं, १९५० आणि १९५६ सालची. काठचा सपाट रस्ता त्या धरणांमुळेच इतका चांगला, आणि म्हणून तिथे लहान मुलंही आईबापांबरोबर सायकल चालवताना दिसतात. जवळच्या कड्यावर फ्राएलेचे मध्ययुगीन बुरूज उभे आहेत. धरणांच्या कितीतरी आधी याच वाटेनं वाल्तेलिना खोऱ्यातली वाइन उत्तरेला जाई आणि तिरोलचं मीठ दक्षिणेला येई.

आल्पिसेला खिंडीपलीकडे लिविन्यो लागतं. गाव १,८१६ मीटरवर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्याहून उंच. तिथे करमाफीची दुकानं आहेत, आणि दारू, अत्तरं आणि पेट्रोल स्वस्तात घ्यायला लोक लांबून येतात. इथल्या सरोवराच्या टोकापासून स्वित्झर्लंडला एक एकेरी बोगदा जातो. तो १९६० च्या दशकात धरणाच्या कामासाठी खणला गेला. सायकलला त्यातही बंदी, तेव्हा उरते ती चासचाउना खिंड. २,६९४ मीटर. लिविन्योकडून तिचा शेवटचा टप्पा इतका उभा आहे की बहुतेकजण खाली उतरून सायकल ढकलतात. वर फोटो काढताना हे कोणी सांगत नाही.

खिंडीपलीकडच्या श्चांफ गावी उतरलं की पुढे इन नदीच्या काठानं श्क्वोलपर्यंत सोपं काम. वाटेतली ग्वार्दा आणि आर्देत्स ही गावं भिंतींवर खरवडून काढलेल्या नक्षीसाठी प्रसिद्ध आहेत. चौकाचौकांत लाकडी कुंड आणि त्यात अखंड धार. पाणी पिण्यायोग्य नाही अशी पाटी नसेल तर बाटली खुशाल भरावी. एखाद्या बेकरीत अक्रोडाचा केक घ्यावा. गंमत म्हणजे या उंचीवर अक्रोड पिकत नाहीत. केक इथे आला तो परदेशी गेलेल्यांमुळे. एंगाडिनची माणसं पोटासाठी देशोदेशी जाऊन मिठाईवाले झाली. व्हेनिसमध्ये त्यांचा एवढा जम बसला होता की १७६६ मध्ये तिथून त्यांना घालवून देण्यात आलं.

ज्यांना इतका चढ झेपणार नाही त्यांनी रेशेन खिंडीकडे वळावं, १,५०४ मीटर. तिथून रोमनांचा क्लॉडिया ऑगस्टा रस्ता जायचा. त्याचं काम इसवी सनापूर्वी १५ मध्ये सेनापती ड्रुसस याच्या मोहिमेतून सुरू झालं आणि सम्राट क्लॉडियसच्या काळात पुरं झालं. आज त्याच्या मार्गावर सायकलमार्ग आहे. खिंडीवरच्या सरोवरात चर्चचा एक मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. ग्राउन गाव १९५० मध्ये वीजनिर्मितीसाठी बुडवलं गेलं. पर्यटक मनोऱ्यासमोर सेल्फी काढतात, आणि कोयना पाहिलेल्या मराठी माणसाला त्यामागचं घरादाराचं गणित वेगळं सांगावं लागत नाही.

हंगाम लहान आहे. जूनअखेरपर्यंत वरच्या खिंडींत बर्फ असू शकतो, आणि सप्टेंबरात गुरं खाली उतरली की आल्प्समधल्या झोपड्या बंद होऊ लागतात. ऑगस्टमध्ये दुपारी ढग भरून येतात आणि वीज कडाडते, तेव्हा खिंड दुपारच्या आत ओलांडलेली बरी. सायकल इथून नेण्यापेक्षा तिकडे भाड्यानं घेणं बहुतेकांना सोपं पडेल. दोन देशांना एकच शेंगेन व्हिसा चालतो. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारच्या खोल्या लवकर भरतात, म्हणून तारखा ठरवायच्या असतील तर आधीच ठरवाव्यात.