टोकाला बारीक, बुडाला रुंद

टाइप 1 मधुमेह झालेल्या मुलांना दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचून घ्यावं लागतं, तेही आयुष्यभर. त्यांच्यासाठी सुईची जाडी हा रोजचा प्रश्न असतो.

मग सुई हवी तितकी बारीक का करत नाहीत? कारण नळीतून वाहणारा द्रव तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या हिशेबानं वाहतो. आतलं छिद्र निम्मं केलं, तर तेवढ्याच दाबाला प्रवाह सोळाव्या हिश्श्यावर येतो. दुखणं कमी होतं, पण औषध आत ढकलणं अवघड होऊन बसतं.

यावर तोड म्हणजे टोकाला बारीक आणि बुडाला रुंद अशी निमुळती सुई. पण ती नेहमीच्या पद्धतीनं होईना. त्या पद्धतीत स्टेनलेस स्टीलची पट्टी गुंडाळून, सांधा वेल्ड करून नळी तयार होते. ही नळी लहान लहान होत जाणाऱ्या डायमधून ओढून बारीक करतात. ओढताना पोलाद कडक होतं, म्हणून मधूनमधून तापवून ते नरम करावं लागतं. अशा नळीची जाडी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखीच राहते.

जपानच्या तेरुमो कंपनीला निमुळती सुई हवी होती. ते काम टोकियोतल्या एका छोट्या कारखान्याचे मालक, साचेकाम आणि प्रेसकामात मुरलेले मासायुकी ओकानो यांनी अंगावर घेतलं. त्यांनी नळी ओढण्याचा नादच सोडला. एका बाजूला अरुंद असा पातळ पत्र्याचा तुकडा प्रेसखाली टप्प्याटप्प्यानं वळवायचा आणि कडा जुळल्या की सांधा वेल्ड करायचा, अशी रीत त्यांनी बसवली. 2005 मध्ये ‘नॅनोपास 33’ बाजारात आली. तिच्या टोकाची बाहेरची जाडी अवघी 0.2 मिलिमीटर, तर बुडाची 0.35 मिलिमीटर होती. त्याच वर्षी तिला जपानचा ‘गुड डिझाइन’ महापुरस्कार मिळाला.

औषध तेच राहिलं, घडवण्याची रीत बदलली आणि टोचणं सुसह्य झालं. कारखान्यातल्या कारागिरीचं हे श्रेय मोकळेपणानं मान्य करायला हवं.

इतक्या बारीक टोकाची धार एकदाच टोचण्यापुरती असते. वापरानंतर टोक बोथट होतं, वाकतं, त्यावरचा सिलिकॉनचा गुळगुळीत थरही झिजतो. म्हणून घरी इन्सुलिन घेणाऱ्यांनी दर वेळी नवी सुई वापरावी आणि जुनी उघड्या कचऱ्यात न टाकता जाड, झाकणबंद डब्यात जमा करावी.