जुनी सायकल पुन्हा रस्त्यावर

सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांत घर म्हटले, की गोठा आला, पडवी आली, माळा आला. आणि एखाद्या पडवीत भिंतीला टेकून ठेवलेली जुनी सायकलही आली. कधीकाळी आजोबांनी ती घेतलेली असते. तिच्यावरून कुणी म्हशाच्या बाजाराला गेले, कुणी मुरबाडच्या कचेरीत खेपा घातल्या. आता तिचे टायर फाटले आहेत, साखळी गंजली आहे. मग एक दिवस भंगारवाला येतो. म्हणतो, "द्या की मावशी, नुसती जागा अडवून बसलीय." सायकल वजनावर जाते.

पण थांबा. देण्याआधी तिची परीक्षा करा. पोलादाची सायकल एकदम मरत नाही. तिचे लहानलहान भाग झिजतात. ते बदलता येतात. सांगाडा मात्र बहुधा टिकून असतो. सांगाडा गेला, तरच सायकल गेली.

सांगाडा कसा पाहावा?

म्हशाच्या जत्रेत बैल घेताना आपण काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चालवून पाहतो. शिंगांच्या रंगाला भुलत नाही. सायकलही तशीच पाहावी.

गंज दोन प्रकारचा असतो. एक वरवरचा. तो पॉलिश पेपरने घासला, की खाली पांढरे लखलखीत पोलाद दिसते. त्याची भीती नको. दुसरा खाणारा गंज. त्याने नळीला खड्डे पडतात, पापुद्रे सुटतात. पायडलजवळच्या जाड नळीखाली नीट पाहा. पावसाचे पाणी नळ्यांतून उतरते आणि तिथेच साचते. तिथे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक दाबा. टोक आत गेले, तर नळी आतून खाल्लेली आहे. असा सांगाडा रस्त्यावर आणू नये.

मग हँडलखालचा सांधा पाहा. तिथल्या नळीला सुरकुती आहे का? रंग एकाच ठिकाणी तडकला आहे का? असला, तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे.

सांगाडा सरळ आहे की वाकडा, हे सुतळीने कळते. मागचे चाक काढा. चाक बसते त्या खाचेला सुतळी बांधा. ती पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या खाचेपर्यंत आणून ताणा. आता सीटखालच्या उभ्या नळीपासून दोन्हीकडच्या सुतळ्यांचे अंतर पट्टीने मोजा. दोन्ही अंतरे सारखी भरली, की सांगाडा सरळ. थोडा फरक असला, तर जाणता कारागीर पोलाद वाकवून सरळ करू शकतो. हा पोलादाचा मोठा गुण आहे. ते लवते, लगेच तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमच्या सांगाड्याला असे वाकवणे धोक्याचे असते.

या नळ्या सांध्यात बसवून वितळलेल्या पितळेने झाळलेल्या असतात. सांधा सुटला, तर पुन्हा पितळेनेच झाळून घ्यावा. विजेच्या वेल्डिंगची आच एकाच जागी फार लागते. पातळ नळी जळून भोक पडू शकते. मात्र पुढच्या चाकाचा चिमटा तडकला असेल, तर तो जोडू नये. नवाच घ्यावा. चिमटा उतारावर तुटला, तर माणूस तोंडावरच पडतो.

आधी लिहा, मग खोला

आपल्याला आता लिहिता-वाचता येते. त्याचा इथे उपयोग करू या. एक कागद घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात भागाचे नाव लिहा. दुसऱ्यात 'राहील' की 'बदलायचा' ते लिहा. तिसऱ्यात दुकानदाराने सांगितलेली किंमत लिहा. खाली बेरीज करा. शेजारी नव्या सायकलीची किंमत लिहा. सांगाडा, चिमटा आणि दोन्ही रिम चांगल्या असतील, तर दुरुस्ती बहुधा परवडते. तिन्ही गेले असतील, तर सायकल भंगारात द्यावी. त्यात कमीपणा नाही.

हँडलखालच्या बिल्ल्यावरचे नावही लिहून ठेवा. फार जुन्या सायकली विलायतेहून येत. रॅले नॉटिंगहॅमची, तर हर्क्युलस आणि बीएसए बर्मिंगहॅमच्या. मग आपल्याकडे कारखाने निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. १९४९ साली मद्रासमध्ये टीआय सायकल्स निघाली. १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलस, १९५२ साली आसनसोलजवळ सेन-रॅले आणि १९५६ साली लुधियान्यात हीरो सुरू झाली. हिंद आणि सेन-रॅले या कंपन्या सरकारने १९८० साली कायदा करून ताब्यात घेतल्या. पुढे त्या बंद पडल्या. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा शेवटचा कारखानाही जून २०२० मध्ये थांबला.

कारखाना बंद झाला, मग भाग कुठून मिळणार? काळजी नको. आपल्याकडच्या या साध्या काळ्या सायकली मूळ विलायती मापांवरच बनल्या. तीच मापे पुढे चालू राहिली. म्हणून आज लुधियान्यात बनलेला भाग आजोबांच्या सायकललाही बहुधा बसतो. दुकानात जाताना जुना भाग बरोबर न्यावा आणि जोडून पाहूनच नवा घ्यावा.

खोलताना जपायच्या गोष्टी

डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ते उलट फिरवल्यावर आवळते, सुलट फिरवल्यावर सुटते. हे ठाऊक नसले, की माणूस जोर लावतो आणि आटे मारतो.

पायडलचा दांडा कॉटर पिनने बसवलेला असतो. पिनेवर तशीच हातोडी मारू नका. नट थोडे ढिले करा, पण काढू नका. म्हणजे आटे शाबूत राहतात. दांड्याखाली लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या, मग ठोका. टेकू नसला, तर घाव आतल्या छर्‍यांवर बसतो.

छर्रे आणि त्यांच्या वाट्या रॉकेलने धुवा. विडी, चूल दूर ठेवा. छर्रे काढतानाच मोजून कागदावर आकडा लिहा, म्हणजे बसवताना एकही कमी पडणार नाही. वाटीला खड्डे पडले असतील, तर वाटी बदला. छर्रे स्वस्त असतात, ते सगळेच नवे घाला. ग्रीस भरून कोन आवळा. चाक डगडगू नये, पण अडकूही नये. याची एक सोपी खूण आहे. चाक उचलून धरा आणि व्हॉल्व्ह बाजूला आणून सोडा. व्हॉल्व्हच्या वजनाने चाक आपोआप फिरून व्हॉल्व्ह खाली आला, तर कोन बरोबर बसला.

जुना रंग घासताना पेपर पाण्यात भिजवून घासा आणि मुलांना दूर ठेवा. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ नाकातोंडात गेली, तर मुलांच्या वाढीला आणि बुद्धीला अपाय होतो. घासून झाल्यावर हात साबणाने धुवा. सांगाडा कोरडा करून आधी रेड ऑक्साइड लावा, वर रंग द्या. बिल्ला मात्र घासू नका. तो सायकलीचा जन्मदाखला आहे.

चाक, साखळी आणि चढ

या सायकलींच्या पुढच्या चाकाला बहुधा ३२ तारा असतात आणि मागच्याला ४०. असे का? माणसाचा आणि कॅरिअरवरच्या ओझ्याचा जास्त भार मागच्या चाकावर असतो, म्हणून. चाक आऊट झाले असेल, तर रिमजवळ खडू धरून फिरवा. जिथे खडू लागतो, तिथे रिम त्या बाजूला झुकली आहे. तिथल्या समोरच्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळा. घाई करू नका. थोडे आवळा, पुन्हा फिरवून पाहा.

साखळी मोजायला शाळेतली फूटपट्टी पुरते. एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवा आणि पुढच्या २४ पिना मोजा. चोविसावी पीन बरोबर १२ इंचांवर आली, तर साखळी चांगली. ती एक अष्टमांश इंच पुढे गेली, तर साखळी ओढली गेली आहे. ती बदला. मागच्या फ्रीव्हीलचे दाते आकड्यासारखे झाले असतील, तर तेही बदला. साखळीला खोबरेल घालू नका. ते चिकट होते आणि धूळ धरते. मशीनचे तेल घाला.

आपल्याकडचा रस्ता चढउताराचा. म्हणून फ्रीव्हील घेताना दाते मोजा. समजा, पुढच्या दातेरी चक्राला ४४ दाते आहेत आणि मागे १८. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे १८ फूट जाते. मागे २२ दात्यांचे घातले, तर सुमारे साडेचौदा फूट जाते. म्हणजे वेग कमी, पण चढाला पायांवरचा जोरही कमी. दुधाची किटली किंवा धान्याचे पोते नेणाऱ्याला हेच बरे. मात्र साखळी एकदोन कड्यांनी लांब लागेल.

टायर घेताना त्याच्यावरचे आकडे वाचा. नुसते 'अठ्ठावीसचा द्या' म्हणू नका, कारण अठ्ठाविसाचे प्रकार एकाहून जास्त आहेत. दीड इंच रुंदीच्या जुन्या टायरवर ४०-६३५ असे छापलेले असते. दुसऱ्यावर ६२२ असते. तो आपल्या रिमला बसत नाही.

ब्रेक आधी, बाकी नंतर

पुण्यात विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकलींचे संग्रहालय उभारले आहे. ते २०१७ साली लोकांसाठी खुले झाले. तिथल्या सायकली पाहण्यासाठी आहेत. त्यांचे जुनेपण जपणे योग्यच. आपल्या सायकलीने मात्र कामाला जायचे आहे, पोरीला शाळेत सोडायचे आहे. म्हणून जे जिवाशी खेळते, ते जुने ठेवू नये. ब्रेकचे रबर, टायर, ट्यूब आणि साखळी यांत काटकसर नको.

या सायकलींचे ब्रेक सळईचे असतात. दांडी ओढली, की रबर रिमला घासते. रिम पोलादाची असल्याने पावसात तिच्यावर पाण्याचा थर बसतो आणि ब्रेक उशिरा धरतो. कोरड्यात जिथे थांबता, त्याच्या पुष्कळ आधी पावसात ब्रेक धरावा लागतो. म्हणून उतार लागण्याआधीच ब्रेक हलके दाबून रिमवरचे पाणी पुसून घ्या. मुसळधार पावसात मोठ्या उतारावर सरळ खाली उतरा आणि चालत जा. रिमला तेलाचा थेंबही लागू देऊ नका.

पहिली फेरी सपाट जागी मारा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला. मागचे चाक उचलले जाते का पाहा. मग मागचा ब्रेक दाबून ढकला. मागचे चाक न फिरता घसटले पाहिजे. दोन्ही ब्रेक लागले, तरच रस्त्यावर या. मागे लाल चकाकी लावा, पुढे घंटी लावा. चार दिवसांनी सगळे नट आणि कॉटर पिना पुन्हा आवळा, कारण नवे बसवलेले भाग थोडे ढिले होतातच.

एवढे काम हाताखालून गेले, की सायकलीचा एकेक भाग आपल्या ओळखीचा होतो. पुढे वाटेत काही बिघडले, तर काय बिघडले ते कळते. दुकानदार काय बदलतो आणि कशाचे पैसे घेतो, तेही कळते. तो यादीचा कागद मात्र फाडू नका. त्यावर तारीख घाला आणि घरात जपून ठेवा. सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी करताना तोच उपयोगी पडेल.